आड, वाट आणि देवघर सामाईक

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आम्ही घर शोधायला बाहेर पडलो. बाहेर पडलो चौघे : मी, माझी पत्नी, मुलगा आणि सून. घर मात्र सहा जणांसाठी हवे होते. आईला ८८ वर्षे पूर्ण झाली होती आणि नातीला आठवे लागले होते. पुण्यातले आमचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आई शेवटची खाली उतरली त्याला दीड वर्ष झाले होते, आणि तेही खुर्चीत बसवून, दवाखान्यात नेण्यासाठी. मुलगा-सून शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहत होती. सगळ्यांनी एकत्र राहावे असे सगळ्यांनाच वाटत होते, आणि सगळ्यांनाच त्याची थोडी धास्तीही वाटत होती. ही दुसरी गोष्ट कोणी बोलून दाखवीत नव्हते, एवढेच.

दोन महिन्यांत आम्ही एकवीस घरे पाहिली. दलाल मंडळी मोठी तत्पर. माणसे किती, कोणत्या वयाची, हे कोणी विचारीत नसे; "टू बीएचके की थ्री बीएचके?" एवढा एकच प्रश्न. एका ठिकाणी आम्हांला गच्चीवरचा पोहण्याचा तलाव कौतुकाने दाखवण्यात आला. मला त्या वेळी आठवत होते ते आमच्या न्हाणीघराच्या दाराशी असलेले चार इंचांचे उंचवट. तेवढे ओलांडायला आईला रोज दोन माणसे लागत.

अशातच नाशिकच्या धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, एवढी धावाधाव कशाला? आई चार महिने तुझ्याकडे, चार माझ्याकडे आणि चार ताईकडे राहील. तेवढाच बदल." त्याच्या मनात खोट नव्हती. आईने शेजारी बसून सारे ऐकले, पण ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढायला लावली. तिच्या तळातून एक जुनेर निघाले आणि त्या जुनेरात गुंडाळलेला एक कागद.

"हे कोणाकडून तरी वाचून घे," ती म्हणाली. "आत्याबाईंचं काय लिहिलंय तेवढं मला सांग."

कागद १९१२ सालचा, मोडीतला. माझे पणजोबा आणि त्यांचे दोन भाऊ यांच्यात झालेले ते वाटणीपत्र. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी दोन संध्याकाळी बसून ते मला वाचून दाखवले. वाचक म्हणतील, घर शोधणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीच्या वाटणीपत्राचा काय उपयोग? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण पुढच्या घरांची जी काही पारख मला करता आली, ती त्या कागदामुळे, आणि त्याच्या निमित्ताने मी जो थोडाबहुत इतिहास चाळला त्यामुळे. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

आमचा वाडा शनिवार पेठेत, मुठेपासून हाकेच्या अंतरावर होता. फार मोठा नव्हे. दोन चौकी, एक माडी, मागे परस. जुन्या घरांची मोजणी चौरस फुटांत नसे, खणांत असे. लाकडाच्या दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. घर किती मोठे, तर अमुक खणांचे. हे सागवानी खांब आणि तुळया हाच घराचा सांगाडा. मधल्या भिंती पुष्कळदा केवळ आडोशाच्या. त्यामुळे भिंत घालावी, काढावी, दार पाडावे, बुजवावे, हे सारे घर न हलवता करता येई. कुटुंब वाढले की एक खण वाढे, बेबनाव झाला की एक दार बुजे. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत बुजवलेल्या दारांच्या चौकटी भिंतीत तशाच राहिलेल्या असत. त्या चौकटी म्हणजे त्या घरातल्या भांडणांचा आणि समेटांचा इतिहासच म्हणायचा.

आणि या घरांची मांडणी! दिंडी दरवाजा, देवडी, पहिला चौक, ओसरी, सोपा, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागला चौक, आड, न्हाणी, परस. कोकणात नावे थोडी बदलतात, खळे येते, पडवी आणि ओटी येते. गोव्यातल्या जुन्या घरांत मधोमध राजांगण असते. पण तत्त्व एकच. बाहेरच्या माणसाला आत घ्यायचे ते पायरीपायरीने. टपालवाला देवडीपर्यंत, कुळे ओसरीपर्यंत, व्याही सोप्यापर्यंत आणि माहेरवाशीण थेट चुलीपर्यंत. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, त्याला सहा चौक आहेत. पुण्याच्या विश्रामबागवाड्याला तीन. हे श्रीमंतांचे झाले. पण चार खणांच्या साध्या घरातही ओसरी आणि माजघर यांच्यामध्ये एक उंबरठा असेच.

आता त्या वाटणीपत्राकडे येतो. तिघां भावांनी वाडा वाटून घेतला होता. पूर्वेच्या सोप्याचे खण थोरल्याचे, पश्चिमेचे मधल्याचे, माडी आणि तिच्याखालच्या दोन खोल्या धाकट्याच्या. चुली तीन. येथपर्यंत नवल नाही. नवल पुढे होते. जे वाटले त्यापेक्षा जे वाटले नाही त्याची यादी लांब होती. आड सामाईक. दिंडी दरवाजा आणि जाण्यायेण्याची वाट सामाईक. जिना सामाईक. देवघर सामाईक, आणि कुळाचाराचा खर्च तिघांनी सारखा सोसावा. परसातला शेवगा धाकट्याच्या हद्दीत, पण शेंगा तिघांच्या. पागोळीचे पाणी कोणी कोणाच्या सोप्यात सोडू नये. आणि शेवटचे कलम : बहीण, जी लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती, तिने जिन्याखालची खोली तहहयात वापरावी, अन्नवस्त्र तिघांनी द्यावे.

ह्या आमच्या आत्याबाई. म्हणजे माझ्या आजोबांच्या आत्या, पण सारा वाडा त्यांना आत्याबाईच म्हणे.

डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवर लिहिलेला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत : राहणे एका छपराखाली, जेवणे एका चुलीवरचे, मालमत्ता सामाईक, देवधर्म एकत्र आणि सगळे एकमेकांच्या नात्यातले. या कसोटीला आमचा १९१२ नंतरचा वाडा उतरत नाही. चुली तीन, मालमत्ता वाटलेली. आणि तरीही १९६१ सालापर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षे, तीन बिऱ्हाडांची चार पिढ्यांची माणसे त्या वाड्यात एकत्र नांदली. आई तेथे सून म्हणून आली १९५५ साली, तेव्हा सणाला पंगतीत चाळीस पाने मांडली जात. मला वाटते, ती वाटणी झाली म्हणूनच नांदली. ज्यावरून भांडण होणार ते वेगळे केले आणि ज्यावाचून कोणाचेच चालणार नाही ते सामाईक ठेवले.

कायद्यालाही ही गोष्ट पूर्वीपासून ठाऊक होती. आपल्याकडे मिताक्षरेप्रमाणे मुलाला वडिलार्जित मालमत्तेत जन्मतःच हक्क मिळे. म्हणजे वाटणी मागण्याचा हक्कही जन्माबरोबरच आला! पण राहते घर ही वस्तू शेतासारखी नाही, हे इंग्रजी अमदानीतल्या कायदे करणाऱ्यांनाही मान्य करावे लागले. १८९३च्या वाटणीच्या कायद्यात अशी तरतूद आहे की, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला कोणाचा हिस्सा परक्याने विकत घेतला आणि तो वाटणी मागायला कोर्टात आला, तर घरातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो. परक्याला पैसे मिळतील, पण माजघरात पाऊल टाकता येईलच असे नाही.

येथे कोणी म्हणेल की, हे सगळे जागेचे प्रश्न आहेत. घर पुरेसे मोठे असले म्हणजे झाले. त्यांनी शनिवारवाडा आठवावा. पहिल्या बाजीरावांनी १० जानेवारी १७३० रोजी त्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. त्या घरात आई राधाबाई होत्या, धाकटे बंधू चिमाजीअप्पा होते, मुलेबाळे होती. चिमाजीअप्पांचा मुलगा सदाशिव याची आई तो तान्हा असतानाच वारली. त्याला आजीने वाढवले. एकत्र कुटुंबाचे याहून चांगले उदाहरण कोणते द्यावे? पण त्याच घरात मस्तानीला सामावून घेता आले नाही. तिच्यासाठी वेगळा महाल झाला, वेगळा दरवाजा झाला. कुटुंबात जागा झाली नाही. आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी त्याच वाड्यात, चुलते रघुनाथराव वाड्यातच असताना, अठरा वर्षांच्या नारायणरावांना गारद्यांनी कापून काढले. पुढे रघुनाथरावांचे चिरंजीव दुसरे बाजीराव पेशवे झाले, तेव्हा त्यांना त्या वास्तूत राहणे रुचेना. त्यांनी विश्रामबागवाडा बांधला आणि मुक्काम तेथे हलवला. घर मोठे असून माणसे मावत नाहीत, याला पुण्यात तरी दुसरा दाखला शोधायला नको.

आणि आपल्या साध्या वाड्यांचेही फार गोडवे गाऊ नयेत. ओसरी पुरुषांची. झोपाळा पुरुषांचा. बायकांचे राज्य माजघराच्या आत, धुराने काळ्या झालेल्या तुळयांखाली. बाळंतिणीची खोली घरात सर्वांत अंधारी. विधवेला तर जागा म्हणून नसेच. जी होती ती दुसऱ्यांच्या मर्जीची. १९३७च्या कायद्याने हिंदू विधवेला पतीच्या मालमत्तेत मर्यादित हक्क दिला, १९५६च्या वारसा कायद्याने तो पूर्ण केला. पण त्याच १९५६च्या कायद्यात २३वे कलम होते : कुटुंब राहत असलेल्या घरात मुलीचा वारसाहक्क असला, तरी पुरुष वारस वाटणी करीपर्यंत तिने ती मागू नये. राहण्याचा हक्क तिला होता, पण ती अविवाहित, विधवा, टाकलेली किंवा नवऱ्यापासून विभक्त असेल तर. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात दुरुस्ती करून मुलींना मुलांप्रमाणे जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेपूर्वी ज्यांची लग्ने झाली त्यांना वगळून. आणि ते २३वे कलम २००५ साली देशभर रद्द झाले. म्हणजे बहिणीला घराच्या वाटणीचा शब्द उच्चारता यावा, यास एकविसावे शतक उजाडावे लागले. हे पाहिले म्हणजे आमच्या १९१२च्या कागदातले ते शेवटचे कलम मला फार मोलाचे वाटू लागते. जिन्याखालची का होईना, पण खोली, आणि तहहयात.

मुंबईची गोष्ट निराळी. तेथे वाडे थोडे आणि माणसे फार. १८९६ साली प्लेग आला आणि शहरातल्या कोंदट वस्त्यांचा प्रश्न सरकारच्या दाराशी येऊन उभा राहिला. १८९८ साली सुधार ट्रस्ट स्थापन झाला. १९२० साली विकास खाते निघाले आणि त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या केल्या. त्याच बीडीडी चाळी. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आमच्या वाड्यातल्या माजघराएवढी! त्या एका खोलीत आईवडील, लेक-सून, नातवंडे आणि वर गावाहून गिरणीत चिकटायला आलेला पुतण्या.

हे कसे जमले असेल? माझे एक चुलत मामा तशा खोलीत वाढले. ते सांगत, "आमचं घर खोलीत मावत नसे, म्हणून ते बाहेर सांडलेलं असे." खाजगी चाळींना पुढे लांब गॅलरी असे, बीडीडी चाळींत मधून जाणारी वाट. तीच ओसरी, तेच अंगण. म्हातारे तेथे बसत, पोरे तेथे अभ्यास करीत, रात्री पुरुष तेथे अंथरुणे टाकीत आणि नव्या जोडप्याला खोली मोकळी करून देत. नळ सामाईक, वाट सामाईक, गणपती सामाईक. म्हणजे पुन्हा तीच यादी! फरक इतकाच की वाड्यात सामाईक ठेवायचे ते समजून उमजून ठेवले होते, चाळीत ते गरिबीने गळ्यात घातले होते. त्या जीवनाचे गोड चित्र रंगवणाऱ्यांनी सकाळी शौचकुपापुढे लागणाऱ्या रांगेत एकदा उभे राहून पाहावे. त्या चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती बांधण्याचे काम अलीकडे सुरू झाले आणि २०२५ साली वरळीच्या काही रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरे ५०० चौरस फुटांची. त्या माउलींना स्वतःचे न्हाणीघर मिळाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण त्यांच्या म्हाताऱ्यांना गॅलरी कोठे मिळणार, हाही प्रश्न मनात येतोच.

मध्यमवर्गाने मधला मार्ग शोधला. कानडा जिल्ह्यांतून मुंबईस आलेल्या सारस्वत मंडळींनी श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली गावदेवीला सहकारी गृहसंस्था काढली. आपल्या देशातल्या आरंभीच्या सहकारी गृहसंस्थांपैकी ती एक. बिऱ्हाड प्रत्येकाचे वेगळे, इमारत सर्वांची मिळून. वाटणीपत्रातले तत्त्व कायद्याच्या भाषेत संस्थेच्या नियमांत उतरले, असे म्हणायला हरकत नाही.

एका कायद्याचा उल्लेख मात्र केलाच पाहिजे, कारण त्याने कुटुंबे एकत्र ठेवली असे मला वाटते, आणि ती मायेने नव्हे. तो १९४७चा भाडेनियंत्रणाचा कायदा. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते ते सर्वसाधारणपणे कायम धरले गेले. भाडेकरू वारला तर त्याच्याजवळ राहणारा कुटुंबीय भाडेकरू ठरे. 'जवळ राहणारा' हे दोन शब्द महत्त्वाचे. रेशनकार्डावर नाव असणे, आजोबांच्या खाटेजवळ आपली वळकटी असणे, याला किंमत आली. किती नातू त्या दोन शब्दांसाठी आजोबांपाशी राहिले असतील! त्यांतले काही कायद्यासाठी राहिले आणि राहता राहता त्यांना आजोबांचा लळाही लागला असेल. माणसाच्या मनाचे गणित इतके सरळ नसते. पण दुसऱ्या बाजूला, पन्नास वर्षे तेच भाडे म्हटल्यावर मालकाने कौले का बदलावीत? पेठांतले वाडे भाडेकरूंनी भरले आणि दुरुस्तीवाचून खचले. ते पुढे कसे पडले आणि तेथे काय उभे राहिले, ते पुणेकरांना सांगायला नको.

आमच्या वाड्याला मात्र तेवढे आयुष्य नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचे. मी चार वर्षांचा होतो. मला आठवते ते एवढेच, की कोणी तरी मला खांद्यावर घेऊन धावत होते आणि मागून आई आत्याबाईंचा हात धरून चालवीत होती. आम्ही सगळे वाचलो. दोन दिवसांनी आजोबा जाऊन पाहून आले. सागवानी खांब उभे होते. मातीच्या भिंती विरघळून गेल्या होत्या. वाटणीपत्र वाचले ते केवळ एका कामासाठी वकिलांकडे दिलेले होते म्हणून.

तिन्ही बिऱ्हाडे तीन दिशांना गेली. एकाला पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळाली, एक मुंबईस गेले, आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत बिऱ्हाडकरू झालो. जागेची वाटणी कागदात होती. तिघांनी आपापला हिस्सा विकून पैसे घेतले. आत्याबाईंचा हिस्सा मात्र खोलीचा होता, जमिनीचा नव्हे. खोली मुठेला मिळाली. तहहयातीचा हक्क ज्या भिंतींत होता त्या भिंतीच उरल्या नाहीत.

मग आत्याबाईंच्या पाळ्या लागल्या. चार महिने एका घरी, चार दुसऱ्या, चार तिसऱ्या. कोणी त्यांना उपाशी ठेवले नाही, कोणी वाकडा शब्दही बोलले नसेल. पण आई सांगते, आमच्याकडे पाळी संपत आली की पंधरा दिवस आधीपासून त्या बोचके बांधून ठेवीत आणि लागेल ती वस्तू त्यातून काढून परत बांधीत. "त्यांना खाट होती रे, जागा नव्हती," एवढेच आई म्हणाली. १९६८ साली त्या गेल्या, तेव्हा त्या आमच्याकडे नव्हत्या. पाळी दुसऱ्यांची होती.

नाशिकच्या फोननंतर आईने ट्रंक का काढायला लावली, ते मला तेव्हा कळले. २००७ सालच्या कायद्याने वृद्ध आईबापांना मुलांकडून पोटगी मागता येते. पण माझ्या आईला अन्नवस्त्र नको होते. तिला बोचके बांधायचे नव्हते.

मी भावाला फोन करून ही हकीकत सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "दादा, मी घराला पैसे देतो. माझा हिस्सा म्हणून नव्हे, तिच्या खोलीचे."

त्यानंतर आम्ही घरे निराळ्या डोळ्यांनी पाहू लागलो. १९६३ साली मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला आणि 'फ्लॅट' हा शब्द आपल्या संसारात रुळला. २०१६च्या कायद्यापासून चटईक्षेत्र नेमके किती ते सांगून विकावे लागते, हेही चांगलेच झाले. पण चटईक्षेत्रात उंबरठे मोजत नाहीत. दार उघडले की थेट दिवाणखाना, त्याला लागून उघडे स्वयंपाकघर, आणि मग एकासारखी एक झोपायची खोली. पाहुणा आला तर सगळे घर त्याच्यासमोर, आणि दारे लावून घेतली तर कोणीच कोणाला दिसत नाही. मधले असे काहीच नाही. चार शयनगृहांचे एक मोठे घर आम्हांला जवळजवळ पसंत पडले होते. सुनेने सगळे पाहून हळूच विचारले, "आणि मी माझ्या घरी आहे असं मला कुठे वाटेल?" 'वेगळी चूल' हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरतात, म्हणून ती बिचारी तो उच्चारीत नव्हती. मी घरी येऊन तिला वाटणीपत्र वाचून दाखवले. तीन चुली आणि पन्नास वर्षे!

शेवटी घर सापडले ते नव्या संकुलात नव्हे, तर एका जुन्या सोसायटीत. एकाच मजल्यावर, एकमेकांना लागून दोन लहान सदनिका. मजला पहिला, आणि लिफ्टही आहे. कंत्राटदार म्हणाला, मधली भिंत काढून टाकू, हॉल ऐसपैस होईल. आम्ही नको म्हटले. इंजिनियराला दाखवून, सोसायटीची परवानगी घेऊन त्या भिंतीत फक्त एक दार पाडले. त्याला दोन्ही बाजूंनी कडी आहे. न्हाणीघराचे उंचवट काढले, धरायला दांडी बसवली, दार रुंद केले. स्वयंपाकघरे दोन. रात्रीचे जेवण एकत्र, ते आमच्याकडे; सकाळची धावपळ ज्याची त्याने आपल्या घरी करावी.

आईसाठी आम्ही आतली, शांत, उजेडाची खोली ठरवली होती. तिने ती पाहिली, चांगली आहे म्हणाली, आणि विचारले, "बाहेरच्या खोलीत दाराशी माझी खुर्ची ठेवता येईल का?" आम्ही म्हटले, तेथे वर्दळ फार, येणारे-जाणारे. ती म्हणाली, "तेच म्हणते मी. वाड्यात सहा वर्षं होते, ओसरीवर एकदाही बसले नाही. आता बसते की."

आता ती तेथे बसते. बाहेरचे दार उघडे असते, जाळीचे लावलेले असते. जिन्यावरून कोण गेले, दूधवाल्याला आज उशीर का झाला, तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा पाय कसा आहे, ही सगळी खबर आता आमच्या घरात तिच्याकडून येते. नात शाळेतून आली की आधी तिच्यापाशी थांबते. मग ठरवते, या दारी जायचे की त्या.

करारनाम्याच्या वेळी नावांचा प्रश्न निघाला. मी माझे आणि मुलाचे सांगत होतो. सून म्हणाली, "आजींचं आधी घाला." घातले. नोंदणीच्या दिवशी आईचा अंगठा यंत्रावर नीट उमटेना. तीनदा पुसून ठेवावा लागला. चौथ्यांदा उमटला.

या पाडव्याला मुलाने गंमत म्हणून एका कागदावर यादी करून मधल्या दारावर लावली आहे. देवघर सामाईक. कपडे धुण्याचे यंत्र सामाईक. वर्तमानपत्र सामाईक, पण शब्दकोडे आजोबांचे. फराळाचे डबे सामाईक, आणि चकली कोणी कोणाच्या हद्दीतून पळवू नये. नातीने खाली आपल्या अक्षरात एक कलम वाढवले : दाराजवळची खुर्ची पणजीची.

'तहहयात' हा शब्द तिला माहीत नाही. मी तो शेवटी पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.